उरलेल्या नजरेची तपासणी

मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या वार्षिक सेवा-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



मला आज डोळ्यांच्या सेवेविषयी बोलायला सांगितले आहे. डोळ्यांची सेवा म्हटली की आपल्याला मोतीबिंदूचे शिबिर आठवते. शाळेच्या वऱ्हांड्यात रांग लागते, डॉक्टर बॅटरी लावून बघतात, नावे लिहून घेतात, गाडी येते आणि आठ दिवसांनी म्हातारी माणसे काळा चष्मा लावून हसत परत येतात. ते काम मोठे आहे आणि तुमच्या दानातून त्याला हातभार लागतो, याबद्दल देवाची उपकारस्तुती असो.

मला बोलायचे आहे ते त्याच रांगेतल्या दुसऱ्या लोकांविषयी, म्हणजे जे शिबिरातून जसे आले तसे परत जातात त्यांच्याविषयी. त्यांना मोतीबिंदू नसतो, किंवा त्याचे ऑपरेशन होऊनही नजर आलेली नसते. कुणाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून कमजोर असतो, कुणाची नस काचबिंदूने सुकलेली असते, कुणाच्या बुबुळावर लहानपणीच्या आजाराने फूल पडलेले असते. साखरेच्या आजाराने पडदा खराब झालेले लोक आता आपल्या खेड्यांतही दिसू लागले आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेलची घरे पुष्कळ आहेत. त्या आजारात रक्तवाहिन्या तुंबतात आणि कधी कधी डोळ्याच्या पडद्यालाही इजा होते. अशा माणसाला औषध, ऑपरेशन किंवा नेहमीचा चष्मा यांपैकी कशानेच पुरते दिसत नाही. मग त्याला एक वाक्य ऐकवले जाते, "आता काही होणार नाही." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याला म्हणायचे असते की डोळा बरा करता येणार नाही. ऐकणारा मात्र घरी जाऊन सांगतो की माझे आता काही होणार नाही. तेथून शाळा सुटते, लग्न राहते, बाजारात जाणे बंद होते.

या लोकांना अजून काही तरी दिसत असते, आणि म्हणूनच त्यांची अडचण लोकांच्या ध्यानात येत नाही. पूर्ण अंध माणसाला गाव हात धरून नेते. ज्याला थोडे दिसते त्याच्यावर गाव विश्वास ठेवत नाही. दिवसा अंगणातली कोंबडी दिसते आणि संध्याकाळी दारातल्या घागरीला पाय लागतो, तेव्हा घरचेच म्हणतात, "सोंग करते." मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचतो, तेव्हा मास्तर ओरडतात की डोळे खराब करून घेशील. समोरून आलेल्या माणसाला ओळख दिली नाही की लोक म्हणतात, शिष्ट झाली.

याला अल्पदृष्टी म्हणतात. दवाखान्यात लो व्हिजन हा शब्द ऐकाल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. योग्य चष्मा लावूनही दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचा घेर ४० अंशांहून कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. हे आकडे अवघड नाहीत. ६/६० म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते या माणसाला ६ मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. नजर ३/६० पेक्षाही कमी असली तर कायदा अंध म्हणतो, पण त्यांच्यातल्याही कित्येकांना उजेड, आकार, रंग, हातभर अंतरावरची वस्तू दिसत असते. पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्याही उपयोगाचे आहे.

आपण या लोकांना आजवर एका कागदासाठी घेऊन जात होतो, तो म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. तो कागद हवाच. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असले तर शासनाच्या योजना, एस.टी.ची सवलत, शिष्यवृत्ती ही दारे त्याने उघडतात. पण प्रमाणपत्राची तपासणी नजर किती गेली हे मोजते. नजर किती उरली आहे आणि ती कशी वापरता येईल, हे पाहणारी तपासणी वेगळी असते. तिला वेळ लागतो, तिच्यासाठी शिकलेला माणूस लागतो, आणि ती आपल्या बहुतेक लोकांची कधीच झालेली नसते. हातात टक्क्यांचा कागद आहे, पेटीत जपून ठेवला आहे, पण भिंग कधी डोळ्याला लावून पाहिलेले नाही, अशी माणसे मला प्रत्येक तालुक्यात भेटतात.

ही तपासणी कशी होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी उद्या शेजाऱ्याला घेऊन जावे लागेल.

आधी डोळ्यांचे डॉक्टर पाहतात की बरे होण्याजोगे काही राहून तर गेले नाही ना. मोतीबिंदू असेल तर आधी ते ऑपरेशन. चष्म्याचा नंबर नीट काढलेला नसेल तर आधी तो. अल्पदृष्टी म्हणून आणलेल्या माणसाला कधी कधी नुसता बरोबर नंबरचा चष्मा हवा असतो. ते झाल्यावर खरी तपासणी सुरू होते, आणि तिची सुरुवात यंत्राने न होता एका प्रश्नाने होते. "तुम्हाला काय करता यायला हवे आहे?"

येथे मला मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आठवतो. यरीहोच्या वाटेवर बार्तिमय ओरडत होता. तो आंधळा आहे हे साऱ्या गर्दीला दिसत होते. तरी प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. त्याची गरज प्रभूने गृहीत धरली नाही, ती त्याच्याच तोंडून ऐकली. आपण सेवा करणारे लोक बहुधा ही पायरी गाळतो. आपल्याला वाटते की नजर कमी आहे म्हणजे वाचायचे असेल. पण धानोऱ्याकडच्या ज्या बाईला अक्षर ओळखच नाही, तिला तांदळातले खडे दिसायला हवे असतात. मोहफुले वेचायला जाणाऱ्याला पाचोळ्यातले फूल आणि वाटेवरचा साप दिसायला हवा असतो. तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्याची बोटे पाने मोजतात, त्याला डोळ्यांची फारशी गरज नसते. त्याला फडीवर मांडलेला हिशेब वाचायचा असतो. दहावीच्या मुलाला फळा दिसायला हवा असतो. एका आजीने सांगितले होते, "मले नातवाचं तोंड पाहाचं हाय." प्रत्येकाचे उत्तर निराळे, म्हणून प्रत्येकाचे साधनही निराळे.

मग नजर मोजतात. नेहमीचा तक्ता ६ मीटरवर टांगलेला असतो आणि वरचे मोठे अक्षर दिसले नाही की "दिसत नाही" असे लिहून काम संपते. येथे तसे करत नाहीत. तक्ता जवळ आणतात, चार मीटर, दोन मीटर, एक मीटर, आणि नेमके कोठून काय दिसते ते लिहितात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ई च्या आकाराचे तक्ते असतात. ई चे पाय कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. यात भाषेची अडचण येत नाही. माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली कोणतीही भाषा बोलणारा माणूस हात दाखवू शकतो.

त्यानंतर जवळचे वाचन तपासतात. फिकट अक्षरे कुठवर ओळखू येतात ते पाहतात, कारण काळ्या पाटीवरचा खडू दिसणे आणि करड्या दगडावरचा करडा सरडा दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नजरेचा घेर पाहतात. काही जणांना समोरचे दिसते आणि बाजूचे दिसत नाही, जणू बांबूच्या नळीतून बघावे तसे. काहींना बाजूचे दिसते आणि जिथे बघावे नेमके तिथेच धुके असते. उन्हाने किती त्रास होतो आणि अंधार पडल्यावर काय होते, हेही विचारतात.

एवढे झाल्यावर साधने हातात देतात. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. चष्म्यात १० डायॉप्टरचे भिंग बसवले तर कागद डोळ्यापासून १० सेंटिमीटरवर धरावा लागतो, २० डायॉप्टरचे असेल तर ५ सेंटिमीटरवर. ताकद वाढली की अंतर कमी होते आणि एका वेळी दिसणारी अक्षरेही कमी होतात. म्हणून सर्वांत मोठे भिंग हे सर्वांत चांगले भिंग नसते. हातात धरायचे भिंग असते. हात थरथरत असेल तर कागदावर ठेवून सरकवायचे पायांचे भिंग असते. लांबचे पाहायला बोटाएवढी एकडोळी दुर्बीण असते. उन्हासाठी रंगीत काचा आणि मोठ्या कडेची टोपी असते. आणि काही साधने तर फुकटात होतात. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीची खाच पाडली की वाचताना ओळ चुकत नाही. जाड काळ्या पेनाने लिहिले की वही वाचता येते. बाक खिडकीकडे पाठ करून ठेवला की डोळ्यांवर चकाकी येत नाही. साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने पाटी मोठी करून पाहता येते.

पुस्तक नाकाला लावणाऱ्या मुलाविषयी मघाशी बोललो. तो डोळे खराब करत नसतो. अंतर निम्मे केले की अक्षर दुप्पट मोठे दिसते, एवढे साधे गणित तो कुणी न शिकवता करत असतो. उरलेली दृष्टी वापरली तर ती लवकर संपते, असा समज एके काळी साऱ्या जगात होता. मुलांची नजर जपून ठेवायची म्हणून त्यांना वाचूच देत नसत. १९६४ साली अमेरिकेतल्या नॅटली बरागा या शिक्षिकेने आपल्या संशोधनातून दाखवले की थोडी नजर असलेल्या मुलांना ती वापरण्याचे शिक्षण दिले तर ती त्याच नजरेतून अधिक पाहू लागतात. डोळा तोच राहतो, पाहणे सुधारते. या गोष्टीला साठ वर्षे झाली, पण "वाचू नको, डोळे जातील" हे वाक्य मी अजूनही आश्रमशाळांतून ऐकतो. तुम्ही ऐकाल तेथे प्रेमाने थांबवा.

अंधांच्या सेवेत मराठी मंडळ्यांचा वारसा जुना आहे. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. त्या लोकांनी दृष्टी नसलेल्यांसाठी वाट काढली. ज्यांची थोडी उरली आहे त्यांच्यासाठी वाट काढणे हे आपल्या वाट्याला आलेले काम आहे.

आता तीन माणसांविषयी सांगतो. नावे आणि गावे सांगत नाही.

पहिली एक मुलगी, अहेरीकडच्या भागातली. जन्मापासून केस आणि त्वचा पांढरी, डोळे सतत हलणारे. गावात तिला "इंग्रजीण" म्हणत. उन्हात डोळे मिटून घ्यायची म्हणून शाळेत शेवटच्या बाकावर, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलेली. ती सहावीत असताना तिची तपासणी झाली. चष्मा लावून नजर ६/६० भरली. तिला नंबरचा रंगीत चष्मा, टोपी आणि फळ्यासाठी चारपट मोठे दाखवणारी दुर्बीण मिळाली. पहिले पंधरा दिवस तिने दुर्बीण पेटीतून काढली नाही, मुले हसतील म्हणून. मग वर्गशिक्षिकेने एक युक्ती केली. दुर्बीण साऱ्या वर्गात फिरवली आणि प्रत्येकाला त्यातून बघायला दिले. दुसऱ्या दिवसापासून हसणे थांबले. आज ती मुलगी पहिल्या बाकावर बसते. एस.टी. वरची पाटी स्वतः वाचते. गणितात अजून मागे आहे, पण ते तिच्या डोळ्यांमुळे नाही, असे तिचीच शिक्षिका म्हणते.

दुसरे आपल्या एका मंडळीतले वयस्क वडील. कित्येक वर्षे उपासनेत शास्त्रवाचन तेच करत. साखरेच्या आजाराने मधली नजर गेली आणि त्यांनी पुलपिटावर जाणे सोडले, मग हळूहळू उपासनेला येणेही कमी केले. तपासणीत त्यांना काय हवे ते विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मले पुन्हा मंडळीपुढे वाचाचं हाय." पायांच्या भिंगाने ते घरी बायबल वाचू लागले, पण एकेक शब्द करत. भिंग सरकवत मंडळीपुढे वाचणे काही जमेना. ही साधनांची मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मग तरुण संघाच्या मुलांनी उतारा जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून द्यायला सुरुवात केली. बुधवारी कागद पोचतो, शनिवारपर्यंत त्यांचा सराव होतो, रविवारी ते वाचतात. थोडे पाठ असते, थोडे दिसते. ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही.

तिसरी एक माडिया बाई, चाळिशीची. लहानपणापासून रातांधळी, आता दिवसाही नजरेचा घेर नळीएवढा उरलेला. अशा माणसाला भिंग देऊन उपयोग नसतो, कारण भिंगाने वस्तू मोठी होते आणि त्या छोट्या घेरात मावेनाशी होते. शिबिरात सगळ्यांना सरसकट भिंगे वाटू नयेत ते याचसाठी. तिला मान आणि डोळे फिरवून वाट कशी चाचपायची ते शिकवले, चांगली बॅटरी दिली आणि पांढरी काठी दिली. काठी तिने घेतली नाही. दुभाष्या ताईंमार्फत तिने सांगितले की काठी धरली की गाव मला आंधळी म्हणेल, आज निदान अर्धी तरी माणसात आहे. आम्ही आग्रह केला नाही. चार महिन्यांनी तिने स्वतः निरोप पाठवला की काठी आणा. आता ती गावात काठीशिवाय फिरते आणि आठवडी बाजारात काठी घेऊन जाते. तिच्या भाषेत बोलणारी ताई सोबत नसती तर तिला काय वाटते ते आम्हाला कळलेच नसते, आणि आम्ही वहीत "साधन नाकारले" एवढेच लिहिले असते.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. आपल्या लोकांत प्रार्थनेने बरे होण्यावर विश्वास आहे, माझाही आहे. पण काही घरांत मी असे पाहिले की प्रार्थना झाल्यावर चष्मा काढून ठेवला जातो. भिंग वापरले तर विश्वास कमी पडला असे वाटते. एका घरी मुलाला "दिसते म्हण" असा आग्रह होत होता आणि मुलगा आईच्या तोंडाकडे बघून "दिसते" म्हणत होता. त्या आईला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

अशा वेळी मी मार्कचा आठवा अध्याय उघडतो. बेथसैदा येथे लोकांनी एका आंधळ्याला आणले. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, त्याला स्पर्श केला आणि विचारले की तुला काही दिसते का. त्या माणसाने खरे उत्तर दिले. माणसे दिसतात, पण ती चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात, असे तो म्हणाला. त्याने प्रभूला बरे वाटावे म्हणून सगळे दिसते असे सांगितले नाही, आणि प्रभूनेही त्याच्या उत्तरावर राग धरला नाही. पुन्हा हात ठेवला. आपल्या जंगलातल्या माणसाला हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. झाड आणि माणूस यांतला फरक न कळणे म्हणजे काय, हे अल्पदृष्टी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्रभूने त्या माणसाला पूर्ण दृष्टी दिली. तसे प्रत्येकाच्या बाबतीत केव्हा आणि कसे होईल ते त्याच्या हाती आहे. पण "काही दिसते का, आणि कसे दिसते?" हा प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे, आणि जे उत्तर येईल ते खरे मानणेही. अर्धे दिसते असे म्हणणे म्हणजे अविश्वास नव्हे. मूल प्रार्थनेला गुडघे टेकताना चष्मा घालून बसले तर देवाला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता कामाचे बोलतो. आपला प्रश्न मुख्यतः अंतराचा आहे. सिरोंचा गडचिरोली शहरापासून सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी नजर आणि नंबर तपासतात, आणि शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना पुढे पाठवते. तेथून सुरुवात करावी. पण अल्पदृष्टीची पूर्ण तपासणी मोठ्या नेत्रविभागातच होते. उत्तरेकडच्या तालुक्यांना नागपूर सोयीचे पडते. सिरोंच्याची माणसे गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात, राजुरा-बल्लारपूरकडची रेल्वेने हैदराबाद गाठतात. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. कोठेही जायचे असले तरी आधी फोन करून अल्पदृष्टीची तपासणी कोणत्या दिवशी होते ते विचारून घ्यावे. नाही तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि हाती नुसता केसपेपर येतो.

वेळही पाहून निवडावी. धान निघाल्यावर, मोहफुले पडायला लागण्याच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत माणूस मोकळा असतो आणि रस्तेही चालू असतात. दहावीच्या मुलाला मात्र त्याच्या आधीच, शाळा सुरू झाल्याबरोबर न्यावे. लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ ही सवलत त्याला परीक्षेत मिळू शकते, पण त्याचे कागद शाळेमार्फत वेळेत जावे लागतात.

जाताना जुने सगळे कागद, जुने सगळे चष्मे, शाळेचे पुस्तक आणि जे काम करता यायला हवे आहे त्याची वस्तू सोबत घ्यावी, मग ते सुपातले तांदूळ असोत की सुईदोरा. त्या माणसाची भाषा बोलणारे कुणी तरी सोबत असावे. प्रमाणपत्र असेल तर केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधने मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळू शकतात. म्हणून साधनाच्या किमतीपेक्षा प्रवासाची, सोबतीची आणि राहण्याची सोय ही आपली खरी गरज आहे.

शेवटी मंडळ्यांना माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या मंडळीत आणि आपल्या गल्लीत असे कोण आहे ते शोधा. जो उपासनेला यायचा थांबला, जी ओळख देत नाही, जे मूल पुस्तक नाकाला लावते, त्यांच्या घरी जा आणि "काय दिसते" एवढे विचारा.

दुसरी, एका माणसाच्या सोबतीचा भार एका मंडळीने उचलावा. पैसे पाठवणे पुरेसे नाही. एक दिवस त्याच्याबरोबर रांगेत बसणारा माणूस द्या.

तिसरी, साधन मिळाल्यावर महिन्याने पुन्हा जा. भिंग पेटीत पडले असेल तर का पडले ते विचारा. कधी त्याला ओरखडे गेलेले असतात, कधी ते धाकट्या भावाने फोडलेले असते, कधी नुसती लाज असते. ज्याच्याकडे कुणी परत जात नाही त्याचे साधन बहुधा वापरातून जाते.

चौथी, आपले उपासनेचे ठिकाण त्यांच्यासाठी सोयीचे करा. पुढची जागा राखून ठेवा. पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारा. उपासना संगीतातली रविवारची गीते दोन मोठ्या कागदांवर जाड अक्षरांत लिहा. हस्तांदोलन करताना आपले नाव सांगा, म्हणजे समोरच्याला आवाजावरून अंदाज बांधावा लागणार नाही. या चौथ्या विनंतीला एका पेनाचा खर्च येतो.

तपासणी करूनही काहींच्या हाती फार काही लागत नाही, हे मी लपवत नाही. त्यांच्यासाठी काठी आहे, ब्रेल आहे, बोलणारा फोन आहे, आणि त्यांचीही वाट आपल्यालाच सोबत चालायची आहे. पण "काही होणार नाही" हे वाक्य तपासणीच्या आधी कुणी कुणाला ऐकवू नये, एवढे आपण आपल्या दोन जिल्ह्यांत नक्की करू शकतो.

या सेवेतल्या ताई, गावोगावच्या आशाताई, आश्रमशाळांचे शिक्षक आणि घरोघरी वाट पाहणारी ही माणसे, यांच्यासाठी प्रार्थना करत राहा. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.